माध्यम कोणतंही

प्रिय वामनभाऊ,

बघा, म्हटलं शेवटी भाऊ! तुम्ही होतात तोवर हा शब्द तोंडातून निघाला नाही. आपला समाजशास्त्राचा विभाग दोघांचाच. त्यात एकानं भाऊ व्हायचं आणि दुसरीनं मॅडम राहायचं, हे मला बरं वाटायचं नाही. तुम्ही चिडवायचात, "मले सर नोको म्हणू वो मॅडमबाई. सर म्हटलं का मले वाटते कोनी साहेब आला, अन् मीच उठून उभा राह्यतो." आता उभे राहायला तुम्ही नाही. उशीर झालाय, मला माहीत आहे.

पत्र आजच का, ते सांगते. आज दुपारी तुमच्या जागी मी सही केली. गुणपत्रकाच्या तळाशी 'विषयशिक्षक' असं छापलेलं असतं, तिथे. आणि सही करण्याआधी मैनाच्या नावासमोरचा रिकामा रकाना भरला. तो आकडा तुम्ही लिहायचा होता. कितीचा लिहिणार होतात, हे विचारायला गेले तर तुम्ही नाही! मग बल्लारपूरला घरी आले, चहा केला, तो तसाच ठेवला आणि लिहायला बसले.

तुमच्यावर राग आहे माझा. आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाटेल बाई रडायला बसली आहे.

आठवतं का, मी नवीन होते तेव्हाचं? मी मोठ्या हौसेनं आमच्या विषयाचे व्हिडिओ बनवले होते. मागे हलकं संगीत, पुढे माझा आवाज. तुम्हाला दाखवले. तुम्ही ते सगळे नीट पाहिले, कौतुकही केलं आणि मग विचारलं, "बढिया झालं. पन लाईन गेली त पोरगी काय करन? रेंज गेली त काय करन? एसटी नाई आली त काय करन?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा पाहू. तुम्ही म्हणालात, "तेव्हाचं आताच पाहाचं असते. तुले काय शिकवाचं हाये ते आधी ठरव. कशावर शिकवतं ते मंग."

किती चिडले होते मी! दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

पण मग तुमच्या वर्गात मागे बसायला लागले. पहिल्या दिवशी तुम्ही मोबाईल कोणाकोणाकडे आहे हे विचारलंच नाही. विचारलंत ते वेगळंच. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी? धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, कधी आटोपतो? मोहफुलं वेचायला घरचं कोण कोण जातं? त्यावरून तुम्ही वर्षाचं काम लावलंत. धान बांधीत, म्हणजे शेतात, लागेपर्यंत लिहायचं काही द्यायचं नाही, नुसतं पाहायचं आणि लक्षात ठेवायचं काम द्यायचं. धान घरात आलं की मग बोलायचं आणि लिहायचं. मोहफुलाच्या दिवसांत कॉलेजात कोणी फिरकत नाही म्हणून बाकीचे प्राध्यापक बोटं मोडायचे. तुम्ही त्याच दिवसांसाठी प्रश्न राखून ठेवायचात, मोहाखालीच उत्तर सापडेल असे.

लोक म्हणायचे, वामन सर मोबाईलच्या विरोधात आहेत, जुन्या वळणाचे आहेत. तुम्हाला याचा त्रास व्हायचा, मला दिसायचं. विरोध कुठे होता? ज्या पोरानं मेमरी कार्डात आवाज भरून आणला, त्याचं तुम्ही कानाला लावून ऐकलंत. एकीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला, तो तुम्ही भिंतीला लावलात. तिघांनी मिळून गावच्या दंडारीच्या नाटकासारखं सोंग करून दाखवलं, तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत गोळा झाली होती. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं, तीन तऱ्हांची, आणि गुण मात्र एकाच मापानं दिलेले. पोराला कळलं काय, एवढंच तुम्ही मोजायचात. हे मी स्टाफरूममध्ये सर्वांसमोर मोठ्यानं सांगायला हवं होतं. तुम्ही तिथे बसलेले असतानाच.

मग या वर्षीचा तो प्रश्न आला. शेवटच्या वर्षाच्या पोरांना तुम्ही दिलात तो. "तुमच्या गावातला कोणताही एक नियम सांगा. तो कोणी केला? कोण पाळतं? मोडला तर काय होतं? आणि तुम्हाला स्वतःला तो पटतो का?" आणि खाली, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात: "माध्यम कोणतंही चालेल."

भाऊ, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तरी तुम्हाला कसं सुचलं नाही हो? आपल्याकडच्या पोरांना माध्यम म्हणजे काय ठाऊक असतं? मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम, हिंदी माध्यम. पहिलीपासून दाखल्यावर तेवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या डोक्यात कागद, फोन, चित्र, तोंडी बोलणं. वर्गातल्या बाकीच्या पोरांनी तुमचा स्वभाव ओळखून बरोबर अर्थ लावला. पण मैना त्या दिवशी वर्गात नव्हती. घोटच्या पलीकडे जंगलात तिचं गाव. आई आजारी म्हणून ती घरीच होती. प्रश्न तिला मैत्रिणीनं बाजारात हातात दिला.

तिनं तो वाचला आणि तिला वाटलं, आता गोंडीत सांगितलं तरी चालेल.

आणि तिनं सांगितलं. तळ्याच्या पाळीवर रेंज येते, तिथे उभी राहून, काकाच्या बटणाच्या फोनवरून तुम्हाला फोन केला आणि म्हणाली, "सर, माध्यम गोंडी." मग सगळं उत्तर बोलून टाकलं. तुम्ही ऐकलंत. तुमच्या फोनमध्ये आवाज भरून ठेवायची सोय आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण पोरीला न विचारता तिचा आवाज भरून ठेवायचा नाही, हा तुमचाच नियम. आणि ती बोलत असताना मध्येच थांबवून विचारणं तुम्हाला जमलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टाफरूममध्ये आलात ते असे खुशीत! "मॅडमबाई, माही चूक झाली अन् पोरीचं बरोबर निघालं. माध्यम म्हंजे तिनं भाषा समजली. बस, सांगतो तुले काय म्हणे ते, मले समजलं तेवढं." मी पर्स खांद्याला लावलेली. दिवस बुडायच्या आत मला जंगलचा रस्ता पार करायचा असतो. त्या आठवड्यात वाघीण पिल्लांना घेऊन नाल्याजवळ फिरत होती, तुम्हीच तर सांगितलं होतं. मी म्हटलं, सोमवारी ऐकते. तुम्ही म्हणालात, "सोमवारी मार्कही लिहून टाकतो. जाय बापा, सांभाळून जाय."

सोमवार आला. तुम्ही रविवारी पहाटेच गेला होतात.

छातीत दुखतंय हे तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं! वहिनींनाही नाही. त्या म्हणाल्या, "आठ दिवसापासून सोडा पिऊन राह्यले होते." सोडा! एक साधी गोष्ट तोंडानं सांगता आली नाही तुम्हाला? तुमच्या बांधीच्या कडेला तुम्हाला ठेवून आलो तेव्हा मैना तिथे नव्हती. तिला कळलंच नव्हतं. मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा टोचत होती, की तुम्ही काय ऐकलंत ते आता कॉलेजात कोणालाच ठाऊक नाही.

बाकी सगळ्यांची उत्तरं जागच्या जागी होती. कागद, कार्ड, नकाशा, सोंगाचे फोटो. मैनाचं उत्तर तुमच्या कानात होतं आणि ते तुम्ही घेऊन गेलात. तुमचं कपाट मी दोनदा उपसलं. काही नाही. तुम्हाला लक्षात ठेवायची खोड होती ना, लिहून ठेवायची नव्हती.

याचाच राग आहे, भाऊ. लाईन गेली तर काय, रेंज गेली तर काय, एसटी आली नाही तर काय, हे तुम्ही सगळ्या कामांना विचारलंत. मास्तर गेला तर काय, हे कधी विचारलंत का? कशावरच अडू नये म्हणून इतकी धडपड केलीत आणि सगळं स्वतःवर अडवून ठेवलंत. आणि मी जवळ बसून होते, मलाही हा प्रश्न सुचला नाही. आपण दोघंही त्या बाबतीत कच्चेच निघालो.

परीक्षा विभागाच्या सरांकडे गेले. ते वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, फोन आला होता. ते म्हणाले, "मॅडम, फोन त मलेही दिवसभर येतात." नवीन आलेल्या त्या ॲपमध्ये उत्तर चढवायची एक चौकट असते. चौकट रिकामी, म्हणजे विद्यार्थी गैरहजर. मैनाच्या नावासमोर तो शब्द पडला असता तर तिची पदवी वर्षभर लटकली असती. आणि तिच्या घरी सगळे म्हणत होते, झालं आता शिक्षण, पुरे झालं. एका पेपरसाठी तिला पुन्हा कोणी पाठवलं नसतं.

शेवटी परीक्षावाल्या सरांनीच वाट काढली. शनिवारपर्यंत तिनं परत उत्तर द्यावं, मराठीत, आणि दोन जणांसमोर. मला वाटलं, सुटलो!

काकाचा फोन लागेना. चामोर्शीच्या बाजारात त्यांच्या गावचे लोक येतात म्हणून तिकडे गेले, निरोप दिला. दुसऱ्या दिवशी पाळीवरून तिचाच फोन. तुम्ही गेल्याचं, शनिवारचं, मी भराभरा सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी त सांगतलं न सरांले. मंग परत काऊन?"

मी समजावत गेले, पुरावा लागतो, नियम आहे, चौकट आहे. ती म्हणाली, "सरांनी आयकलं ते आयकलं नाई का मंग?"

काय सांगायचं होतं मी तिला? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? आणि मग मला माझंच मन दिसलं. मला पुरावा नको होता. तुम्ही शेवटचं जे ऐकलंत ते मला ऐकायचं होतं. मी तसंच म्हटलं तिला. "मैना, सरांनी मला सांगतो म्हटलं होतं, पण राहून गेलं. मला ऐकायचं आहे ते. जसं त्यांना सांगितलंस तसंच. गोंडीतच." ती म्हणाली, "तुम्हाले समजन का?" मी म्हटलं, नाही समजणार. ती जरा हसली आणि म्हणाली, "येतो."

आता मराठीची अट पुरी करायला गोंडी समजणारं माणूस आणायचं कुठून? मी स्टाफरूममध्ये मोठमोठ्यानं विचारत होते, कुठल्या शाळेत कोणी आहे का, पंचायत समितीत कोणी आहे का. भूगोलाचे मडावी सर कोपऱ्यात डबा खात होते. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "मले येते." मी म्हटलं, सर, तुम्हाला येते? ते म्हणाले, "घरी तेच बोलतो आम्ही. इथी कोनी इचारलं नाई."

तुम्हाला माहीत होतं का हे? माहीत नव्हतं, मी पैजेवर सांगते. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून रोज चटणी मागून खायचात.

शनिवारी मैना आली. दिवसाची पहिली एसटी पकडून, आईला शेजारणीवर सोपवून. तिला तुमच्या खुर्चीसमोर बसवलं. खुर्चीत कोणी बसलं नाही. मडावी सर बाजूला, मी बाजूला, आणि परीक्षावाले सरही दारात येऊन उभे राहिले.

तिचा नियम आंब्याचा होता. मरका म्हणजे आंबा, एवढं मला त्या दिवशी कळलं. पंडुम होईपर्यंत, म्हणजे गावाचा तो सण होईपर्यंत, नवा आंबा कोणी तोंडाला लावायचा नाही. पाडाचा असो की कैरी. मडावी सर वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगायला लागले, तसं मीच म्हटलं, थांबवू नका तिला, शेवटी सांगा.

ती बोलत राहिली. हळूहळू रंगत गेली. हात हलायला लागले. एका ठिकाणी मडावी सर खुदकन हसले आणि त्याच क्षणी मैना थांबली. मराठीत म्हणाली, "इथी सरही हासले होते."

मडावी सरांनी मला सांगितलं काय झालं ते. पोरगं चोरून कैरी खाऊन आलं अशी शंका आली, तर म्हातारी त्याला खाल्लीस का असं विचारतच नाही. ती विचारते, आंबट होती का रे? आणि पोराचं तोंड आपोआप वाकडं होतं.

हसले मी. मग रडले, आता लपवून काय करू. भाऊ, तुम्हाला ते समजलं म्हणून हसलात, की पोरीच्या आवाजात हसू आलं म्हणून तुम्हीही हसलात? मला हे कधीच कळणार नाही.

त्यानंतर तिनं तुमच्या सगळ्याच जागा दाखवल्या. इथी सरांनी हुं म्हटलं. इथी सरांनी इचारलं, मोडणाऱ्या घराले गाव काय करते. इथी रेंज गेली होती, मंग मी परत लावलो. शेवटचा प्रश्न होता नियम पटतो का, तिथे ती सगळ्यात जास्त बोलली. मडावी सरांनी तेवढं मान खाली घालून ऐकलं. ती म्हणत होती, झाडाचा पहिला आंबा झाडाला पुरा होऊ द्यायचा, हे पटतं. पण पंडुमाचा दिवस ठरवायला बायकांना बसवत नाहीत, ते पटत नाही. हे ती गावात कधीच बोलली नव्हती. पाळीवर उभी राहून पहिल्यांदा तुमच्याजवळ बोलली, तिच्या भाषेत.

गुण आम्ही दोघांनी वेगवेगळे लिहिले आणि मग ताडून पाहिले. फार फरक नव्हता. पास झाली ती, चांगली पास झाली. परीक्षावाल्या सरांनी चौकटीत चढवायला मडावी सरांकडून मराठीत दोन पानं लिहून घेतली. जाताना मला म्हणाले, पुढच्या वर्षी हे असं नको मॅडम, सगळं ॲपवरच घ्या. वरूनच तसं आलं आहे. मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला तुम्ही सोबत हवे होतात. दोघांच्या विभागात एकटीनं भांडणं किती अवघड असतं, हे मला तुम्ही असताना कळलंच नाही.

मैनाला एसटीपर्यंत सोडायला गेले. गाडी यायची होती. मी विचारलं, मार्काचं काही बोलले होते का गं सर? ती म्हणाली, "मार्काचं नाई बोलले. म्हणे, मले सारं नाई समजलं, पन तू नोको थांबू. अन् शेवटी म्हणे, पुढच्या वेळी मी तुले गोंडीतच इचारतो. तवरिक शिकून घेतो."

एसटी आली, ती चढली, खिडकीतून हात हलवला. आणि मी तिथेच उभी राहिले. आता निवृत्तीला आलेला माणूस, रक्तात साखर, छातीत दुखणं, आणि म्हणे शिकून घेतो!

भाऊ, वचन देते ते ऐका. पुढचा प्रश्न मी काढणार आहे. ॲपची चौकट मी भरीन, तिच्याशी माझं वैर नाही. पण जो सांगेल त्याचं ऐकायला यापुढे नेहमी दोघं बसतील, म्हणजे एक जण गेला तरी उत्तर जाणार नाही. आणि तो प्रश्न मी आधी गोंडीत विचारीन. डबा खाताना मडावी सर रोज चार शब्द देतात. माझा उच्चार ऐकून ते जेवण थांबवून हसतात. पोरंही हसतील. हसू देत. मी तसाच विचारीन, वाकडातिकडा, आणि मग गप्प बसून ऐकीन.

तुमची,
माधुरी
(मॅडमबाई)